तीन औषधं करूनही न गेलेली मुरमं: वरून लावायच्या औषधाच्या निवडीचा प्रकरण अभ्यास

23 वर्षांची तरुणी, तेलकट त्वचा, सावळा वर्ण, सहा वर्षांपासून चेहऱ्यावर मुरमं. गेल्या वर्षभरात तीन वेगवेगळी औषधं लावून झालेली आणि तक्रार एकच: "मला काही लागूच पडत नाही." हे प्रकरण कुणा एका व्यक्तीचं नाही. अशा रुग्णांत पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून ते मांडलं आहे आणि त्यातले आकडेही त्याच बेताचे आहेत. हेच प्रकरण घेण्याचं कारण म्हणजे त्या तिन्ही औषधांत तसा काही दोष नव्हता. पुढे ज्या उपचाराने चेहरा सुधारला, तो त्यांतल्याच दोन औषधगटांतून उभा राहिला.

तपासणीत काय दिसलं

चेहरा समोरून पाहिला तर लाल पुटकुळ्या तेवढ्या डोळ्यांत भरतात. खरी तपासणी तिरप्या उजेडात, बोटांनी त्वचा हलकी ताणून करावी लागते. तसं पाहिल्यावर कपाळावर आणि हनुवटीवर बारीक, कातडीच्याच रंगाचे उंचवटे दिसले. एकूण 42 कॉमेडोन (तेल आणि मृत पेशींनी बुजलेली रंध्रं), त्यांतले बरेचसे बंद, म्हणजे व्हाइटहेड. नाकाच्या कडेला थोडे ब्लॅकहेड. लाल, सुजलेल्या पुटकुळ्या 14, पू धरलेल्या 5, मिळून 19. खोल दुखऱ्या गाठी नाहीत, खड्डे नाहीत. दोन्ही गालांवर जुन्या पुटकुळ्यांचे तपकिरी डाग, आणि तिला मनापासून छळत होते ते हे डागच.

42 आणि 19 या दोन आकड्यांवर पुढची सगळी निवड ठरली. मुरमाची सुरुवात केसाच्या मुळाशी असलेल्या नळीत होते. तिथल्या मृत पेशी नीट झडत नाहीत, एकमेकींना चिकटून नळीचं तोंड बंद करतात आणि आत तेल साचतं. क्युटिबॅक्टेरियम ॲक्निस हा जंतू (त्याचं जुनं नाव प्रोपिओनिबॅक्टेरियम ॲक्निस) तिथे फोफावतो आणि सूज वाढते. डोळ्यांना न दिसणाऱ्या अशा बुजलेल्या रंध्रातून दिसणारा मुरूम तयार व्हायला साधारण आठ आठवडे जाऊ शकतात. आज दिसणारी पुटकुळी दोन महिन्यांपूर्वीच सुरू झालेली असते. म्हणून फक्त पुटकुळीवर औषध टेकवणारा माणूस कायम दोन महिने मागे राहतो.

मुरमांसारख्या दिसणाऱ्या इतर गोष्टी आधी बाजूला काढल्या. सगळ्या पुटकुळ्या एकसारख्या, खाज सुटणाऱ्या आणि कपाळ, छाती, पाठीवर असतील तर मालासेझिया या बुरशीमुळे झालेल्या फॉलिक्युलायटिसचा (केसांच्या मुळांच्या सुजेचा) संशय घ्यावा लागतो. त्यावर मुरमांची औषधं चालत नाहीत. इथे खाज नव्हती आणि कॉमेडोन भरपूर होते. कॉमेडोन अजिबात नसून चेहरा वारंवार लाल होत असेल तर रोझेशिया हा वेगळा त्वचाविकार आठवावा. गोरेपणासाठी किंवा डागांसाठी म्हणून एखादं स्टेरॉइड मिसळलेलं क्रीम लावलं का, हे दोनदा विचारलं, कारण लोक ते औषधांत धरत नाहीत आणि सांगायचं राहून जातं. तसं काही नव्हतं. पाळी नियमित होती, हनुवटीवर किंवा ओठांवर जाड केस नव्हते, त्यामुळे संप्रेरकांच्या तपासण्या लगेच लावल्या नाहीत. गर्भधारणेचा विचार सध्या नाही, हेही विचारून घेतलं. त्या एका उत्तरावर औषध बदलतं.

वाया गेलेल्या तीन ट्यूब

पहिलं औषध क्लिंडामायसिन 1 टक्का जेल. ती ते दिवसातून दोनदा फक्त पुटकुळ्यांवर टेकवत असे. महिना दीड महिना छान फरक पडला, मग पुटकुळ्या परतल्या आणि त्याच जेलने हटेनात. हे होणारच होतं. क्लिंडामायसिन जंतूंची वाढ रोखतं, सूज थोडी कमी करतं, पण बुजलेल्या रंध्रांवर त्याचा म्हणण्यासारखा परिणाम नसतो. 42 कॉमेडोन जागच्या जागी राहिले आणि नव्या पुटकुळ्यांना खतपाणी देत राहिले. शिवाय एकट्या अँटिबायोटिकला जंतू सरावतात. म्हणूनच क्लिंडामायसिन कधीही एकटं लावू नये, सोबत बेंझॉयल पेरॉक्साइड असावं, यावर आजच्या उपचार-मार्गदर्शक सूचनांत एकमत आहे. एवढा साधा नियम रोज मोडला जातो, कारण हे जेल झोंबत नाही आणि पहिल्या महिन्यात गुण देतं. रुग्ण खूश होतो आणि तेच जेल वर्षभर चालू ठेवतो.

दुसरं औषध बेंझॉयल पेरॉक्साइड, तेही थेट 10 टक्के. पहिल्याच रात्री पूर्ण चेहऱ्याला जाड थर. चौथ्या दिवशी गाल तापलेले, कातडी सोलतेय, साधं पाणी लागलं तरी झोंबतंय. ट्यूब फेकली गेली. औषध उत्तम, प्रमाण चुकीचं. 2.5 टक्क्यांचं बेंझॉयल पेरॉक्साइड लाल पुटकुळ्यांवर 10 टक्क्यांइतकंच काम करतं आणि त्याने जळजळ बरीच कमी होते. जादा टक्के म्हणजे जादा गुण हा समज या औषधाच्या बाबतीत सरळ नुकसान करतो. सावळ्या त्वचेत तर हे नुकसान दुहेरी असतं: जळजळीने झालेली सूजही मागे तपकिरी डाग सोडून जाते.

तिसरं औषध ट्रेटिनॉइन 0.05 टक्के क्रीम. निवड सर्वांत जवळची आणि वापर सर्वांत चुकलेला. ती ते सकाळी आंघोळीनंतर लावायची. ट्रेटिनॉइनच्या जुन्या प्रकारच्या क्रीम-जेलमधलं औषध उजेडाने निष्प्रभ होतं, म्हणून ते रात्रीचं औषध आहे. वर सनस्क्रीनही नव्हतं. तिसऱ्या आठवड्यात पुटकुळ्या वाढल्यासारख्या वाटल्या, कातडी कोरडी पडली, आणि औषध "उलटलं" असं समजून तिने ते बंद केलं. रेटिनॉइड (ट्रेटिनॉइन ज्यात मोडतं तो औषधगट) सुरू केल्यावर पहिले दोन ते चार आठवडे कोरडेपणा आणि पापुद्रे सर्वांत जास्त असतात आणि काही जणांना थोड्या जास्त पुटकुळ्याही येतात. नेमक्या त्या चढावर तिने औषध सोडलं, कारण हा चढ येणार हे तिला आधी कुणी सांगितलंच नव्हतं.

पहिल्या औषधाने फक्त जंतूंवर काम केलं, दुसऱ्याची मात्रा त्वचेला सोसली नाही, तिसऱ्याला वेळ मिळाला नाही. कारणं तीन आणि तिन्ही वेगळी. "काहीच लागू पडत नाही" या एका वाक्यात ती दडून गेली होती.

निवड कशी झाली

कॉमेडोन जास्त, सूज मध्यम. अशा चेहऱ्याला पाया म्हणून रेटिनॉइड लागतंच. पेशींचं चिकटणं सुधारून रंध्रं मोकळी ठेवण्याचं काम या गटाइतकं चांगलं दुसरं वरून लावायचं औषध करत नाही. गटात ट्रेटिनॉइन, अॅडापलीन, टॅझारोटीन आणि 2019 मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं ट्रायफॅरोटीन आहे. इथे अॅडापलीन 0.1 टक्का जेल निवडलं. त्याचा गुण ट्रेटिनॉइन 0.025 टक्के जेलच्या तोडीचा असतो आणि जळजळ कमी. ते उजेडात टिकतं, आणि बेंझॉयल पेरॉक्साइडसोबत लावलं तरी बिघडत नाही. जुन्या ट्रेटिनॉइनला बेंझॉयल पेरॉक्साइड निकामी करतं, त्यामुळे ती जोडी एकाच वेळी लावता येत नाही.

सूज आणि जंतूंसाठी जोडीला बेंझॉयल पेरॉक्साइड, या वेळी 2.5 टक्के. ते रंध्रात ऑक्सिजनचे क्रियाशील कण सोडून जंतू मारतं आणि जंतू त्याला सरावल्याचं दिसलेलं नाही.

दोन्ही औषधं एकाच ट्यूबमध्ये मिळतात, अॅडापलीन 0.1 आणि बेंझॉयल पेरॉक्साइड 2.5 टक्के. नव्या रुग्णाला बहुतेक वेळा तीच सोयीची पडते. एकदाच लावायचं, विसरायला जागा कमी. इथे मात्र मुद्दाम दोन वेगळ्या ट्यूब दिल्या. 10 टक्क्यांनी भाजलेली त्वचा पुन्हा चिडली, तर कोणतं औषध थांबवायचं हे ठरवता यायला हवं होतं.

क्लिंडामायसिन या वेळी दिलं नाही. बेंझॉयल पेरॉक्साइडसोबत तीन महिन्यांपर्यंत ते देता येतं, पण 19 पुटकुळ्यांसाठी अँटिबायोटिकची गरज नव्हती. सॅलिसिलिक ॲसिड 0.5 ते 2 टक्के सौम्य कॉमेडोनांना चालतं. इथे ते अपुरं पडलं असतं. क्लॅस्कोटेरोन 1 टक्का क्रीम त्वचेतच पुरुषी संप्रेरकांना अडवतं, 2020 मध्ये अमेरिकेत मंजूर झालं आणि दिवसातून दोनदा लावतात. ते पुढच्या पायरीसाठी राखून ठेवलं. ॲझेलाइक ॲसिडचा विचार डागांमुळे पहिल्या दिवसापासून होता, पण दोन नवी औषधं चालू करतानाच तिसरं जोडलं असतं तर चेहऱ्याने तिन्ही नाकारली असती. गर्भधारणा असती किंवा लवकरच ठरवायची असती, तर रेटिनॉइड बाजूला ठेवून ॲझेलाइक ॲसिडच मुख्य औषध झालं असतं.

लावायची पद्धत

पहिल्या दोन आठवड्यांत फक्त अॅडापलीन, तेही एक रात्र सोडून. सौम्य, फेस कमी येणाऱ्या क्लींझरने चेहरा धुवायचा, टॉवेलने न घासता टिपायचा आणि त्वचा पूर्ण कोरडी होऊ द्यायची. ज्यांना झोंबतं त्यांनी 15 ते 20 मिनिटं थांबावं. ओल्या कातडीत औषध जास्त मुरतं आणि जळजळ वाढते. तिची त्वचा आधीच दुखावलेली असल्याने आधी मॉइश्चरायझरचा पातळ थर, मग औषध, मग पुन्हा मॉइश्चरायझर.

मात्रा संपूर्ण चेहऱ्याला एका वाटाण्याएवढी. कपाळ, दोन्ही गाल, नाक, हनुवटी असे पाच ठिपके ठेवायचे आणि एकमेकांत मिसळून पसरवायचे. पुटकुळी असो वा नसो, मुरमं येणाऱ्या सगळ्या भागावर थर गेला पाहिजे, कारण पुढच्या पुटकुळ्या आज स्वच्छ दिसणाऱ्या कातडीखाली तयार होत असतात. डोळ्यांच्या कडा, नाकपुडीची घडी आणि ओठांचे कोपरे टाळायचे; तिथे औषध साचतं आणि सर्वांत आधी भाजतं. आधी त्या कोपऱ्यांना पेट्रोलियम जेलीचं बोट फिरवलं की निम्मी तक्रार उरत नाही.

मात्रा बरोबर आहे का, हे ट्यूबवरून कळतं. वाटाण्याएवढा ठिपका साधारण पाव ग्रॅमचा असतो, म्हणजे रोज वापर सुरू झाल्यावर 15 ग्रॅमची ट्यूब दोन महिन्यांच्या आसपास पुरायला हवी. तीच ट्यूब सहा महिने चालत असेल तर औषध पुटकुळ्यांवरच टेकवलं जातंय किंवा नागा होताहेत. तीन आठवड्यांत संपत असेल तर थर फार जाड आहे. रुग्णाला "नियमित लावता का?" विचारण्यापेक्षा ट्यूब हातात घेऊन पाहणं केव्हाही जास्त सांगून जातं.

तिसऱ्या आठवड्यापासून अॅडापलीन रोज रात्री. पाचव्यापासून सकाळी बेंझॉयल पेरॉक्साइड 2.5 टक्के, पहिले तीन दिवस जबड्याच्या कडेला छोट्याशा जागेवर लावून पाहायचं. नुसती कोरड आणि किंचित चुणचुण चालते. खाज, पापण्यांवर सूज, पाणी सुटणारे फोड आले तर ती ॲलर्जी असू शकते. मग प्रमाण कमी करून उपयोग नाही, औषध कायमचं बंद. घसा आवळल्यासारखं वाटलं, श्वास लागला किंवा चक्कर आली तर ताबडतोब इस्पितळ. हे क्वचितच घडतं, पण सांगायचं राहू नये. सकाळी वरून 30 किंवा अधिक एसपीएफचं, तेलकट नसलेलं सनस्क्रीन.

बेंझॉयल पेरॉक्साइड कापडाचा रंग उडवतं. टॉवेल, उशीचा अभ्रा, कपड्यांची कॉलर पांढरी वापरावी आणि लावल्यावर हात धुवावेत. ट्यूब उन्हात किंवा तापलेल्या गाडीत ठेवू नये. उष्णतेने या औषधाचं विघटन होऊन बेन्झिन तयार होऊ शकतं.

सहाव्या आठवड्यातली अडचण

सहाव्या आठवड्यात गाल लाल झाले, मॉइश्चरायझरही झोंबू लागलं. अॅडापलीन चार आठवडे सोसल्यावर अचानक हे का? दोष आधी बेंझॉयल पेरॉक्साइडवर गेला, कारण ते नवं होतं. बाथरूममधल्या फळीवरच्या सगळ्या बाटल्यांची नावं विचारली तेव्हा उलगडा झाला. सॅलिसिलिक ॲसिडचा फेसवॉश दिवसातून दोनदा, आठवड्यातून दोनदा दाणेदार स्क्रब, आणि डाग लवकर जावेत म्हणून नव्याने सुरू केलेलं व्हिटॅमिन सी सीरम. यांतलं काहीच तिच्या लेखी औषध नव्हतं, म्हणून सांगण्यात आलं नव्हतं.

सगळं पाच दिवस बंद केलं. फक्त सौम्य क्लींझर, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन. झोंबणं थांबल्यावर अॅडापलीन आठवड्यातून दोन रात्री, पुढच्या आठवड्यात एक रात्र सोडून, मग रोज. बेंझॉयल पेरॉक्साइड आणखी दोन आठवड्यांनी आणि वेगळ्या रीतीने परतलं: 5 टक्क्यांचा वॉश, चेहऱ्यावर दोन मिनिटं ठेवून धुऊन टाकायचा. थोडा वेळच त्वचेवर राहिल्याने जळजळ कमी होते. अंगावर राहणाऱ्या जेलइतका जोर त्यात नसतो, पण बंद पडलेल्या जेलपेक्षा रोज वापरला जाणारा वॉश केव्हाही बरा. फेसवॉश, स्क्रब आणि सीरम परत आणले नाहीत.

उपचार इथेच सर्वाधिक मोडतात. जळजळ झाली की रुग्ण सगळं सोडतो, किंवा डॉक्टर घाईने औषध बदलतात, आणि मुरमांचं घड्याळ पुन्हा शून्यावर येतं. पाच दिवसांच्या विश्रांतीने आधीच्या आठवड्यांची कमाई जात नाही, हे त्या वेळी स्पष्ट शब्दांत सांगावं लागतं.

बारा आठवडे आणि पुढे

बाराव्या आठवड्यात त्याच तिरप्या उजेडात मोजणी केली. कॉमेडोन 42 वरून 18, लाल आणि पू धरलेल्या पुटकुळ्या 19 वरून 7. निम्म्याहून अधिक घट. वरून लावायच्या औषधांकडून या टप्प्यावर एवढीच अपेक्षा ठेवावी. तिला मात्र आरशात फारसा फरक वाटत नव्हता, कारण तिची नजर डागांवर होती. पहिल्या दिवशी त्याच खिडकीशी काढलेले फोटो शेजारी ठेवल्यावर तिचं तिलाच दिसलं. पहिल्या भेटीचे फोटो, समोरून आणि दोन्ही बाजूंनी, याचसाठी घ्यायचे असतात.

आता डागांकडे वळता आलं. लाल ठसा, तपकिरी डाग आणि खड्डा या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिले दोन नवी मुरमं थांबल्यावर महिन्यांच्या हिशेबाने फिके होतात. खड्डा कोणत्याही क्रीमने भरत नाही आणि त्याचे उपचार निराळे असतात. तिचे डाग तपकिरी होते. सकाळी ॲझेलाइक ॲसिड 15 टक्के जेल जोडलं, आधी एक दिवस सोडून. ते मुरमांवरही चालतं आणि रंगद्रव्याची निर्मितीही मंदावतं. सुरुवातीला काही मिनिटं चुणचुण किंवा खाज येते. सनस्क्रीन चुकवलं तर डागांवरची ही मेहनत फुकट जाते.

बारा आठवडे नीट लावूनही पुटकुळ्या तेवढ्याच राहिल्या असत्या, खोल गाठी उठल्या असत्या किंवा खड्डे पडू लागले असते, तर वरच्या औषधांवर रेंगाळणं अन्यायाचं ठरलं असतं. तेव्हा तोंडावाटे डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक, संप्रेरकांवरचे उपचार किंवा आयसोट्रेटिनॉइन हे पोटात घ्यायचं रेटिनॉइड यांचा निर्णय त्वचारोगतज्ज्ञाने घ्यायचा असतो आणि खड्ड्यांच्या बाबतीत तो लवकर घ्यायचा असतो. डॉक्सिसायक्लिन दिलं तरी सोबत बेंझॉयल पेरॉक्साइड आणि रेटिनॉइड चालू राहतात, आणि गोळी तीन-चार महिन्यांत थांबवायची असते.

सहाव्या महिन्यात नव्या पुटकुळ्या महिन्याला दोन-तीनवर आल्या. बेंझॉयल पेरॉक्साइडचा वॉश थांबवला, अॅडापलीन चालू ठेवलं, कारण बुजणाऱ्या रंध्रांची प्रवृत्ती पुटकुळ्या गेल्या म्हणून जात नाही. पुढच्या तीन महिन्यांत अॅडापलीन एक रात्र सोडून करून पाहायचं ठरलं. त्या काळात कपाळावर बारीक उंचवटे परत दिसू लागले, तर पुटकुळ्यांची वाट न पाहता पुन्हा रोज रात्री लावायचं, आणि गर्भधारणेचा विचार सुरू झाला तर त्याआधीच अॅडापलीन थांबवून ॲझेलाइक ॲसिडवर राहायचं, असं तिला लिहून दिलं.